लेझर, वांग आणि नंतरचे आठवडे

चेहऱ्यावरचे काळे-तपकिरी डाग लेझरने जातात, हे विधान अर्धेच खरे आहे. काही डाग एक-दोन बैठकांत जातात आणि वर्षानुवर्षे परत येत नाहीत. काही जातात, पण दोन-तीन महिन्यांत पुन्हा डोके वर काढतात. काही तर लेझरमुळेच आणखी गडद होतात. यंत्र तेच आणि ते चालवणारा हातही तोच असताना असे घडते, कारण निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: डाग त्वचेच्या कोणत्या थरात आहे, तो कशामुळे आला आहे आणि लेझरनंतरचे सहा-आठ आठवडे ती त्वचा कशी सांभाळली गेली. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेबाबत तर या तीन गोष्टींचे वजन यंत्राच्या निवडीपेक्षा जास्त भरते. दवाखान्यांच्या जाहिरातींत मात्र यंत्राचे नाव ठळक असते आणि नंतरच्या काळजीचा कागद बिलाबरोबर हातात पडतो. हा क्रम उलटा हवा.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन मेलॅनोसाइट नावाच्या पेशींत तयार होते. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या ओळीत या पेशी विखुरलेल्या असतात. प्रत्येकीला लांब फाटे फुटलेले असतात आणि त्यांतून ती आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना रंगाचे सूक्ष्म कण, म्हणजे मेलॅनोसोम, पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्यांच्या कामाच्या वेगात, कणांच्या आकारात आणि कण कसे पसरले आहेत यात. पेशीत पोहोचलेले कण तिच्या केंद्रकावर टोपीसारखे जमतात आणि अतिनील किरणांपासून आतल्या जनुकीय द्रव्याचे रक्षण करतात. म्हणजे रंग वाढणे ही त्वचेची बचावाची रीत आहे. ऊन, भाजणे, पुरळ, सततचे चोळणे, संप्रेरकांतले चढउतार यांपैकी काहीही झाले की सावळी त्वचा रंग वाढवून उत्तर देते. लेझरचा झोत हीसुद्धा त्वचेच्या लेखी एक इजाच असते. डाग घालवण्यासाठी केलेली इजा नवा डाग आणू शकते, ही या उपचाराची मूळ अडचण आहे आणि पुढचे सगळे नियम तिच्यातून निघतात.

बोलीभाषेत ज्या सगळ्यांना सरसकट ‘काळे डाग’ म्हटले जाते, ते वैद्यकात एका जातीचे नाहीत. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर आणि वरच्या ओठावर साधारण सारख्या आकाराचे तपकिरी पट्टे येतात तो वांग. तो बहुधा तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांना होतो. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता आणि ऊन ही त्याची ओळखीची कारणे. पुरुषांनाही तो होतो, फक्त ते उशिरा दाखवायला येतात. उन्हात वावरलेल्या त्वचेवर वयाबरोबर येणारे स्पष्ट कडांचे सपाट ठिपके वेगळे आणि मुरुमे बसल्यावर मागे राहणारे डाग वेगळे. डोळ्याभोवती, गालावर आणि कपाळावर बहुधा एकाच बाजूला दिसणारा निळसर-राखाडी चट्टा हा आणखी निराळा प्रकार. त्याला ओटाचा नीव्हस म्हणतात. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात रंग बनवणाऱ्या पेशीच आंतरत्वचेत खोल अडकलेल्या असतात, आणि खोलवरच्या मेलॅनिनवरून विखुरणारा प्रकाश निळा दिसत असल्याने चट्टाही निळसर भासतो. मान आणि कपाळाच्या कडा मखमली काळ्या पडल्या असतील तर मूळ दुखणे बहुतेकदा वाढलेले वजन आणि इन्सुलिनचा बिघाड हे असते. तिथे लेझरपेक्षा रक्ततपासणीचा उपयोग अधिक.

निदान चुकले तर काय होते ते केसांच्या कलपाच्या उदाहरणात नीट दिसते. चाळिशी-पन्नाशीतल्या व्यक्तीच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना, कानांपुढे आणि मानेवर राखाडी-तपकिरी झाक पसरते. खाज फारशी नसते, लालीही नसते, त्यामुळे ॲलर्जीचा संशय कुणाला येत नाही. वांग समजून क्रीम लावले जाते, मग लेझर होते. प्रत्यक्षात दर महिन्याला लावल्या जाणाऱ्या कलपातले पीपीडी हे रसायन त्वचेत सौम्य दाह चालू ठेवत असते आणि रंगाचे कण खालच्या थरात गळत असतात. पॅच टेस्टमध्ये हे उघड होऊ शकते. कलप चालूच राहिला तर कितीही बैठका केल्या तरी डाग हटत नाही, उलट आधीच दाहात असलेल्या त्वचेवर आणखी उष्णता ओतली जाते. सुगंधी द्रव्ये, काही कुंकवांतले रंग, टिकलीचा गोंद यांच्याबाबतही हेच होऊ शकते. म्हणूनच लेझरच्या खोलीत जाण्यापूर्वी वूडचा अतिनील दिवा आणि त्वचा मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप यांखाली चेहरा पाहणे आणि रोज चेहऱ्याला काय काय लागते याची खोदून चौकशी करणे हा उपचाराचाच भाग आहे. पाच मिनिटांत बैठकांचे पॅकेज ठरवणाऱ्या ठिकाणी हे होत नाही.

लेझर या उपकरणाचा जन्म १९६० मधला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल झोत काढला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्या दशकाच्या सुरुवातीलाच तो त्वचेवर वापरून पाहिला. १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. तो शोधणारे कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. त्वचा सोलून नवी आणण्यासाठी आजही ज्याला तोड सापडलेली नाही ते उपकरण बारामतीच्या माणसाचे आहे, हे त्वचेच्या दवाखान्यात बसलेल्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असते. मात्र सुरुवातीची दोन दशके लेझर ही धोक्याची गोष्ट होती. झोत सलग चाले, उष्णता लक्ष्याबाहेर पसरे आणि डागाच्या जागी व्रण उरे.

ही कोंडी १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात फोडली. त्यांचा विचार सोपा होता. प्रत्येक रंगद्रव्य विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषते आणि तापलेली प्रत्येक वस्तू गार व्हायला ठरावीक वेळ घेते. झोत त्या वेळेपेक्षा आखूड ठेवला तर उष्णता बाहेर झिरपण्याआधीच लक्ष्य फुटते आणि शेजारची पेशी वाचते. मेलॅनोसोम इतका बारीक की तो एका सेकंदाच्या सुमारे दहा लाखाव्या भागात गार होतो. त्यामुळे डागांसाठी वापरल्या जाणाऱ्या क्यू-स्विच्ड लेझरचा एक झोत त्याच्याही साधारण शंभर पट आखूड असतो, म्हणजे ५ ते १० नॅनोसेकंदांचा. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पिकोसेकंद लेझर याहून आखूड झोत देतात. त्यांत उष्णतेपेक्षा धक्क्याने कण फुटतो. पिकोमुळे त्वचेला कमी ताप होतो हे खरे, पण त्यामुळे वांग बरा होतो असे जे सुचवले जाते त्याला आधार नाही.

तरंगलांबीचा हिशेब सावळ्या त्वचेत वेगळा मांडावा लागतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मेलॅनिन भरपूर शोषते, पण तो वरवरच अडतो आणि रक्तातले हिमोग्लोबिनही तो शोषते. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश मेलॅनिन कमी शोषते, म्हणून तो वरच्या थराला फार न भाजता खोल उतरतो. गोऱ्या त्वचेत डाग तेवढा काळा आणि भोवताल फिका असल्याने लेझरला लक्ष्य सहज सापडते. सावळ्या त्वचेत डागाभोवतीही मेलॅनिन भरलेले असते, आणि प्रकाशाला डाग आणि वर्ण यांतला फरक कळत नाही. त्वचेचे उन्हाला मिळणारे प्रतिसाद मोजणारी, सर्वत्र वापरली जाणारी फिट्झपॅट्रिक यांची १९७५ ची वर्गवारीही मुळात गोऱ्या त्वचेपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे वर्ग तिला मागाहून जोडले गेले. बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या वर्गात मोडतात. परदेशी यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतली ऊर्जेची मात्रा इथे जशीच्या तशी लावणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण देणे.

या सगळ्यावरून सावळ्या त्वचेने लेझरच्या वाटेला जाऊच नये, असा एक टोकाचा निष्कर्ष काही जण काढतात. तोही बरोबर नाही. ओटाच्या नीव्हसवर कोणतेही क्रीम चालत नाही. लेझर येण्यापूर्वी त्यावर बर्फाने गोठवणे, त्वचा खरवडणे असे व्रण ठेवणारे उपाय होत. आज १०६४ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड लेझरने काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या बैठकांत तो मोठ्या प्रमाणात फिकटतो आणि एकदा गेला की क्वचितच परततो. जन्मापासून अर्धा चेहरा निळा असलेल्या मुलीसाठी यापेक्षा मोठी सोय वैद्यकाने केलेली नाही. (अशा चेहऱ्याच्या व्यक्तीने डोळ्यांचा दाबही तपासून घ्यावा, कारण हा रंग डोळ्याच्या आतही असू शकतो.) उन्हाचे स्पष्ट कडांचे ठिपकेही एक-दोन बैठकांत जातात. या दोन्हींत रंगाचा साठा ठरलेला असतो. तो फोडला की काम संपते.

वांगाचे तसे नाही. त्यात दोष रंगाच्या साठ्यात नसून रंग बनवत राहणाऱ्या व्यवस्थेत असतो. मेलॅनोसाइट जादा चेतलेल्या, दोन थरांमधला पडदा जागोजाग विरलेला, खाली रक्तवाहिन्या वाढलेल्या आणि तंतू उन्हाने जून झालेले, असे चित्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. लेझर जमलेला रंग फोडतो, पण बनवणाऱ्या पेशी तशाच राहतात आणि झोताच्या उष्णतेने आणखी चेततात. म्हणूनच वांगाच्या उपचारात पहिले स्थान उन्हापासून संरक्षणाचे आणि क्रीमचे आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करण्याची कल्पना अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी १९७५ मध्ये मांडली. तिचे सौम्य रूप आजही मोजक्या आठवड्यांसाठी लिहून दिले जाते. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्याही उपयोगी पडतात, मात्र मुळात ते रक्तस्राव थांबवण्याचे औषध आहे. रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती असलेल्याला ते चालत नाही. या सगळ्यानंतरही उरलेल्या हट्टी वांगासाठी, मर्यादित अपेक्षेने, लेझरचा विचार करावा, असाच बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे.

व्यवहारात क्रम उलटतो. वांगासाठी सर्वाधिक विकले जाते ते ‘लेझर टोनिंग’. त्यात १०६४ नॅनोमीटरचा झोत कमी ऊर्जेने आणि रुंद ठिपक्याने संपूर्ण चेहऱ्यावर अनेकदा फिरवतात. पेशी न मरता तिच्यातले कण तेवढे तुटावेत, असा हेतू. ही पद्धत कोरिया, जपान, तैवान या देशांत रुजली. तिचे दोन तोटेही तिथल्याच डॉक्टरांनी नोंदवले: बैठका थांबल्यावर वांग परत येणे, आणि दर आठवड्याला करत राहिल्यास काहींच्या चेहऱ्यावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उमटणे. काळे डाग घालवायला गेलेल्याच्या चेहऱ्यावर काळ्याच्या जोडीला पांढरेही येतात, आणि ते पांढरे भरून यायला फार काळ लागतो, कधी भरतही नाहीत. चेहऱ्याला काळा कार्बनचा लेप फासून वर झोत मारण्याचे ‘कार्बन पील’ही याच घराण्यातले. सोहळ्याआधीची चमक म्हणून ते ठीक, वांगावर उपचार म्हणून नव्हे. दर आठवड्याची बैठक, सहावर दोन फुकट असला हिशेब जिथे सुरू होतो, तिथे पांढरे ठिपके दिसूनही बैठक पुरी करण्याचा मोह दोन्ही बाजूंना पडतो.

प्रत्यक्ष बैठक थोडा वेळच चालते. आधी सुन्न करणारे क्रीम अर्धा-पाऊण तास लावून पुसले जाते. डोळ्यांवर प्रकाश न शिरणारे आच्छादन येते. पापणीजवळ काम असेल तर बुबुळावर धातूची वाटी बसवतात. ५३२ नॅनोमीटरचा झोत डागावर पडला की ‘चट्’ असा बारीक आवाज येतो, रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो आणि डाग क्षणात खडूसारखा पांढरा होतो. कणांभोवती निर्माण झालेल्या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरल्याने ही पांढरी झाक येते आणि वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते. तिच्यावरून डॉक्टर मात्रा जोखतो: एकसारखी फिकट पांढरी आली तर पुरेसे, कातडी लगेच सुटू लागली तर जास्त झाले. टोनिंगमध्ये मात्र पांढरे होणे हीच चूक. तिथे हलकी गुलाबी झाक आली की थांबायचे. नवख्या त्वचेवर आधी जबड्याच्या कडेला किंवा कानापुढे लहानसा तुकडा करून चार-सहा आठवडे वाट पाहण्याची पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे, आणि गिऱ्हाईक आजच हवे म्हणते म्हणून सर्वांत आधी गाळली जाते.

लेझर झाल्यावर पहिल्या दिवशी चेहरा उन्हात भाजल्यासारखा तापतो. स्वच्छ कापडात गुंडाळलेला गारवा दहा-दहा मिनिटे ठेवला की बरे वाटते. बर्फ थेट घासू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू शकते. उशी उंच घेतली तर ती कमी येते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकांना धास्तावणारी गोष्ट घडते: डाग पूर्वीपेक्षा काळा दिसू लागतो. जळलेला रंग वरच्या मृत पेशींसह पातळ खपलीच्या रूपाने वर आलेला असतो, म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे चाललेले असते. ही खपली जाड, ओली नसते, हाताला बारीक खरखरीत लागते. चेहऱ्यावर ती पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते, हातांवर याच्या दुप्पट वेळ घेते. कारण नवी त्वचा मुख्यतः केसांच्या मुळांतून आणि तेलग्रंथींतून वर चढते आणि चेहऱ्यावर त्या दाट असतात. मानेवर त्या विरळ, म्हणून मानेवरचा लेझर नेहमी हात राखून करावा लागतो.

प्रत्येक लेझरची भरपाई सारखी नसते. टोनिंगनंतरची लाली काही तासांची. त्वचेवर हजारो सूक्ष्म छिद्रे पाडून मध्ये निरोगी त्वचा शिल्लक ठेवणारे फ्रॅक्शनल तंत्र २००४ मध्ये आले. त्याच्या सौम्य प्रकारात तीन-चार दिवसांनी त्वचा ब्राँझसारखी तपकिरी आणि पॉलिश पेपरसारखी होते. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरमध्ये पहिले दोन दिवस लस पाझरते, आठवडाभर खपल्या आणि त्यापुढे कित्येक आठवडे लाली राहते. ओठांवर पूर्वी कधी तापाचे फोड उठलेले असतील तर डॉक्टरला ते आधीच सांगणे आवश्यक असते, कारण झोताने हर्पीसचा विषाणू जागा होऊन उघड्या त्वचेवर पसरू शकतो आणि त्यावर आधीपासून गोळ्या सुरू करता येतात. वांगासाठी हा लेझर सावळ्या त्वचेवर वापरणे हा सहसा घाट्याचा सौदा ठरतो.

खपली असेपर्यंतची काळजी कंटाळवाणी, पण सोपी आहे. सौम्य साबण किंवा नुसते पाणी, टिपून कोरडे करणे, वर साधे पेट्रोलियम जेलीचे पातळ बोट. ओलसर ठेवलेली जखम सुकवलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. नखाने खपली काढणे हा सर्वांत मोठा अपराध. अकाली निघालेल्या खपलीखालची जागा लाल राहते आणि लाल जागाच पुढे काळी होते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब, वाफ, दाढीचे ब्लेड, पोहण्याच्या तलावातले क्लोरीनचे पाणी, सगळे त्वचा भरेपर्यंत बंद. ट्रेटिनॉइन किंवा ग्लायकोलिक ॲसिड कधी थांबवायचे आणि कधी पुन्हा धरायचे ते डॉक्टरच ठरवतो. घरगुती उपायांतले बेसन-हळद निरुपद्रवी वाटते, पण ताज्या त्वचेवर चोळणे हीच इजा आहे. लिंबू तर स्पष्ट धोक्याचे. त्याच्या रसातली काही द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि मागे गडद पट्टे ठेवतात. वाढत जाणारी वेदना, पाण्याचे फोड, पू, ओठांजवळ घोसाने आलेल्या पुटकुळ्या, यांपैकी काही दिसले तर फोनवर फोटो पाठवून भागत नाही, प्रत्यक्ष दाखवावे लागते.

आठवडा-दहा दिवसांत खपली गळते, खाली गुलाबी-गोरी त्वचा दिसते आणि नातेवाईक कौतुक करतात. याच फोटोवर जाहिराती चालतात. खरी परीक्षा मात्र तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते. दाह शमल्यानंतर चेतलेल्या मेलॅनोसाइट आपले उत्तर देतात आणि डाग होता त्याच जागी, कधी त्याहून मोठा, तपकिरी चट्टा उमटतो. दाहानंतरचे हे काळवंडणे सावळ्या त्वचेत इतके वारंवार दिसते की त्याला अपघात म्हणणे बरोबर नाही. ते धरूनच उपचार आखावा लागतो. वरच्या थरातला असा चट्टा तीन ते सहा महिन्यांत फिकटतो. रंग खालच्या थरात गळला असेल तर राखाडी झाक वर्षभरही टिकते. या टप्प्यावर लोक हमखास एक चूक करतात: लेझर कमी पडला समजून पुन्हा लेझर मागतात. चेतलेल्या त्वचेवर केलेला दुसरा झोत चट्टा आणखी पक्का करतो. इथे उपाय म्हणजे थांबणे, रंग कमी करणारे क्रीम आणि उन्हापासून राखणे. लग्नाच्या महिनाभर आधी चेहऱ्याला लेझर करून घेणाऱ्यांनी हे गणित मांडून पाहावे. चौथा-पाचवा आठवडा नेमका मुहूर्तावर येतो.

ऊन टाळणे म्हणजे काय, हेही बहुतेक वेळा ढोबळपणेच सांगितले जाते. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफ आकडा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजलेला असतो. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, एवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते, आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. काच अतिनील ब किरणे अडवते, अ किरणे बरीचशी आत सोडते. म्हणून खिडकीशी बसणारा किंवा दिवसभर गाडी चालवणारा सावलीत नसतो. सावळ्या त्वचेत तर सूर्याचा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा-जांभळा भाग, रंग वाढवतो आणि नेहमीची पांढरी सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतात लोहाच्या ऑक्साइडचे कण असलेली रंगीत सनस्क्रीन. वांगासाठी ती निवडणे हा कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाची भीती मात्र अनाठायी. सूर्यापुढे तो नगण्य आहे. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि पावसाळ्यातले ढगही सगळे अडवत नाहीत. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात ते वांगाच्या दृष्टीने उत्तमच, फक्त खपली असेपर्यंत तो स्कार्फ मऊ सुती, सैल आणि रोज धुतलेला हवा.

लेझरच्या खोलीत येणाऱ्या अनेक चेहऱ्यांवर आधीच एक इजा झालेली असते, तीही औषधाच्या दुकानातून विकत घेतलेली. गोरेपणासाठी शेजारणीने सुचवलेली ट्यूब, जिच्यात तीव्र स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असते, महिनोन्‌महिने लावली जाते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी यावर बरीच वर्षे आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांना चिठ्ठीविना विक्रीची जी मोकळीक होती ती काढून घेतली. दुकानात मात्र ट्यूब नाव सांगून अजूनही मिळते. अशा चेहऱ्यावर लेझर करण्याआधी स्टेरॉइड हळूहळू सोडवून त्वचा शांत होऊ द्यावी लागते, आणि त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. लेझरच्या तारखेची घाई असलेल्या व्यक्तीला हे पटवणे कठीण जाते. पण ट्यूबचे नाव लपवून ठेवणाऱ्याचा लेझर बहुतेकदा इथेच फसतो.

गरोदरपणात आलेला वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा आपणहून फिकटतो, म्हणून त्या काळात लेझरचा प्रश्न उद्भवत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आला असेल तर आधी दुसऱ्या साधनाविषयी स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलावे. ज्यांच्यासाठी लेझर ठरतोच, त्यांनी बैठकीपूर्वी एकाच जागी, एकाच दिव्याखाली, मेकअपविना काढलेले फोटो मागून घ्यावेत आणि पुढचेही तसेच काढवून घ्यावेत. वेगळ्या प्रकाशात काढलेल्या दोन फोटोंत कोणताही वांग निम्मा झालेला दाखवता येतो. उन्हाच्या ठिपक्यांचा निकाल तीन महिन्यांनी पाहिला तरी पुरतो. ओटाच्या नीव्हसमध्ये फुटलेला रंग शरीरातल्या भक्षक पेशी हळूहळू उचलून नेत असतात, त्यामुळे दोन बैठकांमधल्या महिन्यांतही तो फिकटत राहतो आणि घाईने बैठका जवळ आणून काही साधत नाही. वांगाचा निकाल मात्र लेझर थांबवून एक अख्खा उन्हाळा पार पडल्यावरच लावता येतो. त्या उन्हाळ्यातही रंगीत सनस्क्रीन रोज आणि डॉक्टरने दिलेले रात्रीचे क्रीम आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावे लागते.